नाना शंकरशेट यांचे देणे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वार्षिक संमेलनात एखाद्या ज्ञातिभूषणाचे पुण्यस्मरण करावे, असा आपल्या संस्थेचा जुना प्रघात आहे. यंदा ती कामगिरी कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविली आणि विषयही नेमून दिला : नामदार जगन्नाथ शंकरशेट. हे नाव उच्चारताच टाळ्या होतात, असा आमचा नेहमीचा अनुभव आहे, आताही झाल्या. परंतु आज टाळ्यांहून थोडे अधिक मागावे, असे आमच्या मनात आहे.

त्याचे कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे. आज दुपारच्या बैठकीत आपल्या शिक्षणनिधीच्या नियमाचा ठराव विचारासाठी येणार आहे. हा निधी आजवर केवळ ज्ञातीतील विद्यार्थ्यांसाठी राखलेला होता. त्याचा काही भाग गावातील इतर होतकरू मुलांनाही खुला करावा की नाही, हा प्रश्न आहे. गेले दोन महिने या प्रश्नावर अलिबागपासून श्रीवर्धनापर्यंत घरोघरी वाद चालला आहे आणि मौज ही की, दोन्ही पक्ष नानांचेच नाव घेत आहेत. एक पक्ष म्हणतो, नाना आपले होते. दुसरा म्हणतो, नाना सर्वांचे होते. तेव्हा नानांनी काय दिले, कोणाला दिले आणि कसे दिले, हे एकदा शांतपणे पाहावे, एवढाच आमच्या भाषणाचा हेतू आहे.

नानांचे घराणे मुरकुटे आडनावाचे. त्यांचे पूर्वज गणबाशेट अठराव्या शतकात मुंबईस येऊन स्थिरावले. कोटातील एका रस्त्याला 'गनबो स्ट्रीट' हे नाव पडले ते त्यांच्यावरून. नानांचे वडील शंकरशेट बाबुलशेट यांनी व्यापारात मोठी संपत्ती मिळविली. नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. 1822 साली वडील निवर्तले, तेव्हा अवघ्या एकोणीस वर्षांच्या या तरुणावर पेढीचा आणि घराण्याचा सारा भार पडला. त्या वयात आणि तेवढ्या संपत्तीत मनुष्य बिघडावयाचा असेल तर बिघडतो. नानांच्या बाबतीत उलट घडले. त्यांच्या सचोटीची ख्याती एवढी पसरली की, अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसा बँकेत न ठेवता नानांच्या स्वाधीन करीत, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. विश्वासाचे मोल काय असते, हे आपल्या ज्ञातीला निराळे सांगावयास नको. गिऱ्हाईक आपले सोने आपल्या हाती देऊन निघून जाते आणि दागिना घेण्यास आठ दिवसांनी येते. आपला सारा धंदाच त्या विश्वासावर उभा आहे. नानांनी तो विश्वास पेढीवरून उचलून सार्वजनिक जीवनात नेला.

आता त्यांच्या देण्याकडे वळू. नानांच्या कार्याचा आरंभ शिक्षणापासून झाला. 1822 साली मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी एक मंडळी निघाली. पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. नाना तिच्या कार्यात तरुणपणीच शिरले. 1827 साली गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे निवृत्त होऊन निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ पुतळा उभारून थांबण्याऐवजी उच्च शिक्षणासाठी निधी जमविण्यात आला. त्यातून एल्फिन्स्टन विद्यालय उदयास आले आणि त्या उद्योगात नाना अग्रभागी होते. 1840 साली सरकारने शिक्षणमंडळ नेमले, तेव्हा नाना त्याचे सभासद झाले आणि सुमारे सोळा वर्षे त्यांनी ते काम केले. ही सोळा वर्षे आपण ध्यानात ठेवावी. देणगीचा आकडा वर्तमानपत्रात एक दिवस छापून येतो. सभांना वेळेवर जाणे, कागद वाचणे, मत लिहून देणे, पटले नाही तर साहेबापुढेही तसे सांगणे, हे सोळा वर्षे करावे लागते.

आणि पटले नाही तेव्हा नानांनी तसे सांगितलेही. शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे होते; ते मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. वरिष्ठ शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, असा त्यांचा आग्रह. 1847 साली या प्रश्नावर मंडळात मोठा वाद झाला. कर्नल जर्व्हिस, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहीम मकबा आणि जगन्नाथ शंकरशेट हे देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. नानांना इंग्रजीचे वावडे नव्हते. सामान्य रयतेपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे तर ते तिच्याच भाषेतून पोहोचेल, एवढे त्यांचे साधे म्हणणे होते. एक इंग्रज, एक पारशी, एक मुसलमान आणि एक दैवज्ञ असे चौघे देशी भाषांसाठी एका बाजूस बसलेले आहेत, हे दृश्य आपल्या डोळ्यांपुढे असू द्यावे. आज दुपारी त्याचा उपयोग होईल.

मुलींच्या शिक्षणासंबंधी तर तेव्हा घरच्या माणसांचीही समजूत घालावी लागे. 1848 साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापिली आणि लवकरच मुलींच्या शाळा काढल्या. शाळा काढणे सोपे, तिला जागा मिळणे कठीण. नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मुलींच्या मराठी शाळेस जागा दिली. ज्याच्या घरी शाळा भरते, त्याच्या दारावरच लोकनिंदेचा पहिला दगड पडतो. नानांनी तो आपल्या दारावर पडू दिला.

कलांच्या बाबतीतही त्यांचे वर्तन असेच होते. मुंबईतील जुने नाटकगृह विकले गेल्यावर नवे बांधावे, अशी मागणी होऊ लागली. ग्रँट रोडवर 1846 साली जे नाटकगृह उघडले, त्यासाठी जमीन नानांनी दिली. सुरुवातीस तेथे इंग्रजी खेळच होत. पण त्याआधी तीनच वर्षे, 1843 साली, सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले होते. आणि 1853 साली विष्णुदास आपली मंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हा त्यांचे खेळ याच ग्रँट रोडच्या नाटकगृहात झाले. त्याच वर्षी पारशी मंडळींनीही तेथे पाऊल टाकले. मराठी, गुजराती, हिंदी अशा तीन भाषांच्या नाटकांना मुंबईत पहिली मोठी जागा मिळाली, ती एका दैवज्ञाने दिलेल्या जमिनीवर. उत्सवात आपल्या गावी पडदा वर जातो, तेव्हा या जमिनीची आठवण क्वचितच कोणास होत असेल.

1853 हे वर्ष आणखी एका गोष्टीसाठी स्मरणीय आहे. 16 एप्रिल रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी गेली. ही गाडी ज्या कंपनीने सुरू केली, तिच्या मुंबईतील संचालकांत सर जमशेटजी जिजीभाई आणि नाना हे दोन हिंदी गृहस्थ होते. त्याच्या आदल्या वर्षी, 26 ऑगस्ट 1852 रोजी, बॉम्बे असोसिएशन स्थापन झाले आणि नाना तिचे अध्यक्ष झाले. या संस्थेने हिंदी प्रजेची गाऱ्हाणी थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे अर्जाने मांडली. 1857 साली मुंबई विद्यापीठ निघाले, तेव्हा त्याच्या पहिल्या फेलोंच्या यादीत नानांचे नाव होते. त्याच वर्षीच्या उठावात त्यांचा हात असल्याचा संशय सरकारने घेतला, चौकशी झाली, आणि काही निष्पन्न झाले नाही. पुढे 1862 साली त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर घेतले. राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीसही त्यांचा हातभार लागला. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. 31 जुलै 1865 रोजी नाना निवर्तले. टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. मुंबईस जाल तेव्हा अवश्य पाहावा.

येथे कोणी म्हणेल, की हे सारे मुंबईचे झाले. आम्हा खाडीपलीकडील लोकांना त्याचे काय? शिवाय नाना काही धर्म सोडून बसले नव्हते. ही दुसरी गोष्ट तर अगदी खरी आहे. नानांनी सतीबंदीस साह्य केले, पण वडिलांनी बांधलेल्या भवानीशंकराच्या देवळाची भक्तीही सोडली नाही. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीस हलविण्याचा बेत झाला, तेव्हा हिंदूंची सोय आणि भावना सरकारपुढे मांडण्यास नानाच पुढे झाले. स्वतःच्या माणसांसाठी झटावयाचे आणि दुसऱ्यांसाठीही द्यावयाचे, या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्यालाच तो दिसतो.

पहिल्या शंकेचे उत्तर मात्र थोडे विस्ताराने देतो.

नानांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात उत्तम गुण मिळविणाऱ्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती म्हटली की पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातील हुशार मुलांची छाती फुगत आली आहे. आता या शिष्यवृत्तीचा विषय कोणता, याचा विचार करा. संस्कृत! ज्या ज्ञातीने पेशवाईत आपल्या आचाराधिकारासाठी ग्रामण्ये सोसली, ज्या ज्ञातीच्या लोकांनी परस्परांस 'नमस्कार' म्हणू नये, असा हुकूम पेशव्यांच्या सांगण्यावरून 1779 साली मुंबई सरकारने काढला, त्या ज्ञातीतील पुरुषाचे नाव संस्कृताच्या सर्वांत मानाच्या शिष्यवृत्तीस लागले. आणि ती शिष्यवृत्ती कोणत्याही जातीच्या मुलास खुली राहिली. ज्यांनी आपल्याला दार लावले, त्यांच्या मुलांनाही त्या दारातून आत घेतले गेले. यापेक्षा थोर उत्तर आम्हाला तरी सुचत नाही.

1912 साली ही शिष्यवृत्ती एका मुलास मिळाली. तो मॅट्रिकला विद्यापीठात पहिला आला होता. त्याचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, 1896 सालचा, आणि बालपण रोह्यात गेलेले. तोच पुढे चिंतामणराव देशमुख या नावाने भारतास परिचित झाला. 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, 1950 पासून देशाचे अर्थमंत्री, आणि 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा देणारे चिंतामणराव! कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले; संस्कृताची गोडी त्यांना अखेरपर्यंत होती. आपल्या या जिल्ह्याचा, तेव्हाच्या कुलाब्याचा आणि 1981 पासूनच्या रायगडचा, हा मुलगा. तो दैवज्ञ नव्हता. नानांचे देणे खाडी ओलांडून रोह्यापर्यंत आले, ते असे आले.

दुसरे उदाहरण तर आपल्या उंबरठ्यावरचे आहे. अलिबागहून मांडव्याकडे जाताना सासवने लागते. तेथे 1891 साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरी गणपतीच्या मूर्ती करण्याची कला होती. त्या मुलाच्या हातातील गुण कुलाब्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडला आणि त्यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडण्याची व्यवस्था केली. ती कलाशाळा 1857 साली सुरू झाली होती, ती नानांचे सहकारी सर जमशेटजी यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. पुढे करमरकर मोठे शिल्पकार झाले. पुण्यातील 1928 चा अश्वारूढ शिवाजी त्यांच्या हातचा. 1967 साली ते निवर्तले. त्यांच्या सासवन्याच्या घरात आजही त्यांची शिल्पे पाहावयास मिळतात. पारशाचा पैसा, परदेशी कलेक्टरची नजर आणि सासवन्याच्या मुलाची बोटे, अशी ती साखळी आहे. त्यातील एका कडीने 'हा आपला नव्हे' असे म्हटले असते, तर तो अश्वारूढ शिवाजी आज आपण त्या रूपात पाहिला नसता.

आता एक गोष्ट आमच्या स्वतःसंबंधी सांगावयाची आहे. ती सांगावी की नाही, याचा आम्ही बराच विचार केला.

काही वर्षांपूर्वी आम्ही या निधीच्या उपसमितीवर होतो. एका वर्षी अर्जांत एक अर्ज निराळा आला. आपल्याच एका बांधवाच्या दुकानात वीस वर्षे शेगडीपुढे बसून राबणाऱ्या कारागिराच्या मुलाचा तो अर्ज होता. कारागीर ज्ञातीतील नव्हता. मुलाचे गुण सर्व अर्जदारांत अधिक होते. समितीत कोणी वाईट बोलले नाही. नियम वाचून दाखविला गेला, सर्वांनी माना डोलावल्या आणि अर्जावर 'नियमात बसत नाही' असा शेरा पडला. तो शेरा आमच्या हस्ताक्षरात आहे. त्या वर्षी पुरेसे अर्ज न आल्यामुळे निधीची काही रक्कम शिल्लक राहिली आणि ती मुदतठेवीत गेली. मुलाने शिक्षण सोडले आणि बापाशेजारी बसून फुंकणी हाती घेतली. आजही तो तेथेच काम करतो. रस्त्यात भेटला म्हणजे आदराने नमस्कार करतो, आणि प्रत्येक वेळी आमची मान खाली जाते.

ठरावाच्या विरुद्ध असलेल्या बांधवांचे म्हणणे आम्ही हलके लेखत नाही. ते विचारतात की, हा निधी निघाला तो कोणत्या दिवसांत? जानेवारी 1963 मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी झाली. घरोघरच्या शेगड्या विझल्या, ऐरणीवर धूळ बसली, कसबी माणसे मजुरीस गेली, कित्येकांनी जीवही दिला. 1968 साली त्याचा कायदा झाला आणि तो 1990 साली रद्द होईपर्यंत आपल्या एका पिढीचे तारुण्य सरले. त्या दिवसांत पोटाला चिमटा घेऊन आपल्या वडीलधाऱ्यांनी रुपया-दोन रुपये टाकले, ते आपल्या मुलांनी अक्षर गिरवावे म्हणून. तो पैसा दुसऱ्यास कसा द्यावा? हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्याचे दुःखही खरे आहे.

परंतु त्या दिवसांची आमचीही एक आठवण आहे. आमच्या वडिलांची शेगडी त्या साली विझली. आम्ही लहान होतो. घरात धान्य कसे आले, हे पुढे आईने सांगितले. कोपऱ्यावरच्या वाण्याने वर्षभर उधारीची वही मिटली नाही. कोळीण दारावर येई. 'पैशे होतील तवा द्या, वैनी' म्हणून टोपलीतले दोन बोंबील ठेवून जाई. शाळेच्या मास्तरांनी फी आपल्या पगारातून भरली. यांतील एकही माणूस आपल्या ज्ञातीचा नव्हता. 'नियमात बसत नाही' असा शेरा त्यांच्यापैकी एकानेही मारला नाही. आपला निधी आपल्या वडीलधाऱ्यांच्या घामाचा आहे, हे निर्विवाद. पण रुपया टाकण्याइतका जीव त्यांच्यात उरला, त्यात या गावाचाही वाटा आहे. तो वाटा आपल्या हिशेबवहीत कोठेच लिहिलेला नाही.

म्हणून आमची सूचना मर्यादित आहे. निधीचे मूळ धन आणि त्याच्या व्याजाचे तीन हिस्से ज्ञातीतील मुलांसाठी ठेवावेत. ती गरज अजून सरलेली नाही. व्याजाचा चौथा हिस्सा या किनाऱ्यावरील कोणत्याही जातिधर्माच्या विद्यार्थ्यास खुला असावा. त्यातही नाटक, संगीत, चित्र, शिल्प शिकणाऱ्या मुलास स्थान असावे, कारण कलेसाठी हात पसरणाऱ्याला घरचेही लवकर देत नाहीत. आणि नानांच्या सोळा वर्षांस स्मरून दुसरी गोष्ट : ज्याला मदत द्यावयाची, त्याच्या घरी उपसमितीच्या एका सभासदाने वर्षातून दोनदा तरी जावे. धनादेश टपालाने जातो. आस्था टपालाने जात नाही.

नाना आपले की सर्वांचे, असे आरंभी विचारले होते. ज्या अर्थी ते सर्वांचे झाले, त्या अर्थीच आज त्यांना आपले म्हणताना आपली मान ताठ होते. ते केवळ आपलेच राहिले असते, तर त्यांची तसबीर आपल्या सभागृहात असती. टाउन हॉलमध्ये, ग्रँट रोडवर आणि रोह्याच्या एका मुलाच्या यशात ते आपल्याला भेटले नसते.

आम्ही कठोर बोललो असू, तर ज्ञातिबांधवांनी क्षमा करावी. कान सोनारानेच टोचावे, अशी आपल्या भाषेत म्हण आहे. परक्याने टोचले तर कान चिघळतो, आपल्याने टोचले तर त्यात डूल शोभतो. आज आम्ही प्रथम आपलाच कान पुढे केला आहे. दुपारी हात वर करण्याची वेळ येईल, तेव्हा आमचा हात ठरावाच्या बाजूने असेल. आपलाही असावा, अशी हात जोडून विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.